फ्रीमाँटमध्ये नवीन आहात? खिसा सांभाळून आशियाभर जेवा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला नवीन आलेला मराठी माणूस पहिले दोन-तीन महिने ठरावीक फेऱ्यांत जेवतो. घरी वरणभात, ऑफिसजवळ बरीटो, शनिवारी डोसा, आणि डोशाचा कंटाळा आला की छोले-भटुरे. मीही तेच केलं. बाकीच्या हॉटेलांवरून रोज गाडी जायची, पाट्या दिसायच्या, पण आत शिरून मागायचं काय हेच कळायचं नाही. शिवाय इथली महागाई. अनोळखी पदार्थावर अठरा डॉलर घालवायचे आणि तो आवडला नाही तर? त्यापेक्षा डोसा बरा.

हा लेख त्या भीतीवर आहे. क्रम मुद्दाम ठेवलाय: आधी नकाशा, मग बिल, मग ज्या पदार्थांशी आपलं जुनं नातं आहे ते, आणि शेवटी अनोळखी. एकदम सूशीवर उडी मारू नका.

१. आधी गावाचा नकाशा समजून घ्या

फ्रीमाँटला "डाउनटाउनमध्ये जाऊन काहीतरी खाऊ" असं म्हणता येत नाही. १९५६ साली सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र करून हे शहर केलं. म्हणून बाजारही पाच ठिकाणी विखुरलेला. २०२० च्या जनगणनेत इथं दोन लाख तीस हजार माणसं होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक आशियाई वंशाची. पण सगळे आशियाई एका गल्लीत राहत नाहीत, त्यामुळे जेवणही भागाभागानं बदलतं.

ढोबळमानानं लक्षात ठेवा. सेंटरव्हिल आणि फ्रीमाँट बुलेव्हार्डचा पट्टा म्हणजे अफगाण. दक्षिणेला वॉर्म स्प्रिंग्ज आणि त्याला लागून असलेलं मिल्पिटस म्हणजे तैवानी आणि चिनी. देसी हॉटेलं सगळीकडे. नाइल्स फार गोड गाव आहे, १९१५ साली चार्ली चॅप्लिन तिथं मूकपट करत होता, पण ते फिरायला ठेवा. स्वस्त आशियाई जेवणासाठी तिकडे जायचं कारण नाही.

गाडी नसेल तर जरा पंचाईत आहे. बार्टची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, स्टेशनं फ्रीमाँट आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी दोन, पुढचं मिल्पिटस. पण चांगली हॉटेलं स्टेशनाला खेटून नाहीत, बसनं किंवा सायकलनं जावं लागतं. इथली चांगली जेवणं रुबाबदार इमारतीत नसतात. मोठ्या पार्किंगभोवती बैठ्या दुकानांची रांग, त्यात एका बाजूला दाताचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला शिकवणीचे वर्ग आणि मधे नूडल्सवाला. बाहेरून दिसण्यावर जाऊ नका. दारावरचा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, तपासणीचा कागद मात्र बघा: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे त्रुटी सापडल्यात, लाल म्हणजे बंद.

२. मेनूवरचा आकडा म्हणजे बिल नव्हे

नवीन माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथं होते. मेनूवर पंधरा डॉलर दिसतात. त्यावर विक्रीकर, फ्रीमाँटमध्ये दहा टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणजे दीड डॉलर. टेबलावर वाढणारं माणूस असेल तर पंधरा ते अठरा टक्के टिप, ती कर लागण्याआधीच्या रकमेवर काढा. झाले एकोणीस. चौघांचं कुटुंब असेल तर हा वरचा फरकच एका माणसाच्या जेवणाइतका होतो.

म्हणून खिसा सांभाळायचा पहिला उपाय म्हणजे काउंटरवर मागवून स्वतः उचलून आणायची ठिकाणं निवडणं. तिथंही कार्ड फिरवलं की पडद्यावर १८, २०, २२ टक्के असे चौकोन येतात आणि समोरचा माणूस बघत असतो. खाली बारीक अक्षरात "टिप नको" असतं. ते दाबलं तर काही बिघडत नाही. मला हे निर्लज्जपणे दाबायला सहा महिने लागले. टेबलावर वाढतात तिथं मात्र टिप बुडवू नका, तो इथला शिष्टाचार आहे.

आणखी दोन गोष्टी. सहा किंवा जास्त माणसं असली की बरीच हॉटेलं टिप बिलातच लावतात. बिल वाचल्याशिवाय वर पुन्हा देऊ नका. आणि काही ठिकाणी "सेवा शुल्क" म्हणून वेगळे टक्के घेतात. कॅलिफोर्नियात हॉटेलांना असं शुल्क मेनूवर स्पष्ट छापावं लागतं, तेव्हा मेनूच्या तळाशी नजर टाकायची सवय लावा.

आठवड्याच्या दिवशी दुपारी अकरा ते अडीच-तीनपर्यंत "लंच स्पेशल" असतं. तोच पदार्थ, सोबत भात आणि सूप, रात्रीपेक्षा कमी दरात. आणि ताट इतकं मोठं की आपल्यासारख्या माणसाची दोन जेवणं होतात. चार माणसं असाल तर तीनच पदार्थ मागवून मधे ठेवा. उरलं तर डबा मागा. इथं उरलेलं घरी नेणं अगदी सर्वमान्य आहे, कुणी वळून बघत नाही.

३. सुरुवात काबूलपासून करा

डोसा सोडून पहिलं पाऊल टाकायचं तर माझा सल्ला ठाम आहे: अफगाण जेवण. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पुढच्या दशकात निर्वासित कुटुंबं इथं येऊन वसली. सेंटरव्हिलमधल्या फ्रीमाँट बुलेव्हार्डच्या त्या तुकड्याला लोक "लिटल काबूल" म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या अफगाण वस्त्यांपैकी ही एक.

आपल्याला अब्दाली आठवतो आणि पानिपत आठवतं. पण या मेनूत आणखी एक जुनी ओळख भेटते. घट्ट टांगलेल्या दह्याला ते "चका" म्हणतात. आपला श्रीखंडाचा चक्का! पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं वाढणाऱ्या बाईंनी माझं आडनाव ओळखून गंमत केली.

काय मागवायचं ते सांगतो.

बोलानी घ्या. पातळ लाटलेली, बटाटा किंवा गंदना भरून तेलावर भाजलेली अर्धचंद्राकृती पोळी. गंदना म्हणजे लसणीच्या पातीच्या चुलत घराण्यातली भाजी. बटाट्याची बोलानी खाताना आलू पराठ्याची आठवण येईल, पण हिची पारी खूप पातळ आणि कुरकुरीत. सोबत चका येतो. शाकाहारी माणसाची एवढ्यावर न्याहारी होते.

बोरानी कद्दू घ्या. लाल भोपळा परतून, गोडसर मसाल्यात शिजवून, वर लसणाचं दही. आपल्याकडं भोपळ्याचं दही घातलेलं भरीत ज्यांच्या घरी होतं त्यांना हा पदार्थ समजावून सांगायला नको. वांग्याची बोरानी पण अशीच, तिच्यात तेल जरा सढळ असतं.

काबुली पुलाव म्हणजे लांब दाण्याचा भात, त्यात गाजराचे लांब काप आणि मनुका, आत शिजलेलं मटण. तिखट नाही. बिर्याणीची अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल. गोडसर, मटणाच्या रसात मुरलेला भात म्हणून खाल्लात तर दुसऱ्यांदा नक्की जाल. सोबतची हिरवी चटणी झणझणीत असते, ती मागून घ्या. पुदिन्याचं ताक मिळतं, त्याला ते "दोग" म्हणतात.

एक सावधगिरी. चपली कबाब आणि मांतू, म्हणजे मोदकासारखे उकडलेले खिम्याचे पुडे, हे बहुतेक ठिकाणी गोमांसाचे असतात. चालत नसेल तर मागवण्याआधी विचारा, कोंबडीचा कबाब असतोच. औशाक दिसायला मांतूसारखेच, आत गंदना असतो, पण वर खिम्याचा रस्सा ओततात. "वरचा खिमा नको" म्हटलं की काम झालं. मांस हलाल असतं.

दे अफगानान कबाब हाउस हे इथलं जुनं आणि प्रसिद्ध नाव. जागा साधी, कबाब उत्तम. पण खरी स्वस्ताई हॉटेलात नाहीच, ती त्याच रस्त्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात आहे. मैवंद मार्केटमध्ये अफगाण नान भाजतात. हातभर लांब, वर बोटांनी ओढलेल्या रेषा, कागदात गुंडाळून देतात. एका नानची किंमत एका कॉफीपेक्षा कमी आणि दोघांचं जेवण त्यात भागतं. घरी पिठलं करा आणि हा नान सोबत घ्या. भाकरीशी मी गद्दारी करत नाही, पण नोव्हेंबरच्या पावसाळी संध्याकाळी भाकरी थापायचा उत्साह कुणाला असतो!

४. मग दक्षिणेला: तैवानी-चिनी प्लाझा

सिलिकॉन व्हॅलीत चिप आणि संगणकाच्या कंपन्या वाढल्या तसे तैवानचे अभियंतेही या भागात स्थिरावले. वॉर्म स्प्रिंग्ज आणि मिल्पिटसचे प्लाझा त्यातून उभे राहिले. मिल्पिटस स्क्वेअर हा ८८० आणि २३७ हे महामार्ग भेटतात तिथला मोठा प्लाझा. शनिवारी दुपारी तिथं पार्किंग मिळवणं हा वेगळा छंद आहे, साडेदहाला पोचा.

या प्लाझाचा कणा म्हणजे ९९ रँच मार्केट. १९८४ साली दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही साखळी. नवीन माणसानं इथं हॉटेलात जायच्या आधी दुकानात जावं. आत गरम पदार्थांचा काउंटर असतो: भात किंवा नूडल्स, त्यावर दोन किंवा तीन पदार्थ, बोटानं दाखवायचे आणि डबा भरून घ्यायचा. नाव माहीत नसलं तरी चालतं. चव घेऊन बघायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही. मासे खाणाऱ्यांसाठी आणखी एक: मासळीच्या काउंटरवर घेतलेला मासा ते साफ करून देतात आणि सांगितलं तर तळूनही देतात, वेगळे पैसे न घेता. अपार्टमेंटमध्ये तळणीचा धूर होऊन अलार्म वाजण्यापेक्षा हे बरं. मसाला मात्र घरी गेल्यावर वरून लावावा लागतो आणि त्याला आपली चव येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आमसूल-हळद लावून घरी परतायचा मासा कच्चाच आणा.

हॉटेलात गेलात की ओळखीच्या पदार्थांपासून धरा. कांद्याच्या पातीची पोळी, जी आपल्या लच्छा पराठ्याची सख्खी बहीण आहे. जूक किंवा काँजी, म्हणजे आपली पेज. आजारी पडलात आणि घरी करणारं कुणी नसलं की हिच्यासारखं औषध नाही. सोबत तळलेल्या पिठाची लांब कांडी मिळते, ती पेजेत बुडवून खायची. तैवानची प्रसिद्ध नूडल्सची वाटी गोमांसाची असते, हे आधीच लक्षात ठेवा.

डिम समला, म्हणजे छोट्या छोट्या बशांतल्या चिनी न्याहारीला, रविवारी सकाळी मित्रमंडळी जमवून जा, दोघांनी जाण्यात मजा नाही. काही ठिकाणी टेबलांमधून पदार्थांच्या ढकलगाड्या फिरतात, काही ठिकाणी कागदावर खुणा करायच्या. प्रत्येक बशी लहान, मध्यम, मोठी अशा दरात आणि टेबलावरच्या कार्डावर शिक्के पडत जातात. चहाचे माणशी पैसे लागतात, ते बघून चिडू नका. किटलीतला चहा संपला की झाकण तिरकं ठेवा, न बोलता भरून मिळतो. कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं, तो त्यांचा धन्यवाद. तीळ लावून तळलेले चिकट तांदळाचे गोळे घ्या. तांदूळ तळल्याचा तो वास आला की अनारसे आठवतात.

आणि बोबा, म्हणजे चघळायचे गोळे घातलेला थंड दुधाचा चहा. मुलं हट्ट करतीलच. त्यातले काळे गोळे टॅपिओकाचे, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचे. उपासाला चालतो का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मागवताना साखरेचं प्रमाण सांगता येतं. तीस टक्के सांगा, तरीही आपल्या हिशेबानं गोडच असतं. बर्फ कमी सांगितलात तर पेला पैसे वसूल होण्याइतका भरतो.

५. शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

मी एकदा "व्हेजिटेबल सूप" मागवलं. भाज्याच होत्या. अर्धा वाडगा संपल्यावर सहज विचारलं तर कळलं, पाणी कोंबडीच्या हाडांचं. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी सूप भाजीचंच होतं. "व्हेज" या शब्दाचा अर्थ इथं बऱ्याच ठिकाणी "यात भाज्या आहेत" एवढाच होतो.

म्हणून "व्हेज आहे का?" असं विचारू नका. पदार्थांची नावं घेऊन विचारा: मांस, मासा, कोळंबी, अंडं, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोंबडीचं पाणी. फोनवर एकदा लिहून ठेवा आणि दाखवा.

सापळे कुठे असतात ते सांगतो. सुक्या परतलेल्या फरसबीत डुकराचा खिमा असतो. मापो टोफू, म्हणजे सोयाच्या पनीराची तिखट चिनी भाजी, तिच्यातही असतो. डिम समच्या मुळ्याच्या वडीत सुकट आणि सॉसेज. थाई करीच्या वाटणात बहुतेक वेळा कोळंबीचा लगदा. किमचीत, म्हणजे कोरियन कोबीच्या लोणच्यात, मासळीचा सॉस. जपानी मिसो सूपच्या पाण्यात सुकवलेला मासा. व्हिएतनामी सूपमध्ये भाज्या घातल्या तरी पाणी हाडांचंच.

यातून सुटायची वाट बौद्धांनी करून ठेवलीय. चिनी आणि व्हिएतनामी बौद्ध परंपरेत शुद्ध शाकाहाराचा मोठा भाग आहे आणि त्यात कांदा-लसूणही अनेकदा वर्ज्य. व्हिएतनामीत शाकाहारी जेवणाला "चाय" म्हणतात, लिहिताना शेवटी वाय. पाटीवर ते दिसलं तर चहा समजू नका. चिनी भाषेत शाकाहाराला "सू शी" म्हणतात. जपानी सूशीशी घोळ करू नका, नाहीतर उलटंच ताट समोर येईल. अशा हॉटेलांत सोयाचं "बदक" आणि गव्हाच्या चिकाचं "मटण" मिळतं. घरच्या जुन्या मंडळींना ते बघूनच कसंसं होतं, तेव्हा त्यांच्यासाठी साधा टोफू मागवा.

६. दोन छोटे थांबे

बान्ह मी हे या भागातलं सगळ्यात स्वस्त पोटभर जेवण. फ्रेंचांनी व्हिएतनामला पाव दिला, व्हिएतनामी लोकांनी तो कुरकुरीत केला, आत गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं, कोथिंबीर, मिरची आणि टोफू किंवा मांस. दहा डॉलरच्या आत अजून मिळतो. शेजारच्या सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती फार मोठी आहे, तिकडे गेलात तर पर्याय आणखी वाढतात. वडापाव खाणाऱ्या माणसाला पावात मिरची घालण्याचं शास्त्र शिकवावं लागत नाही.

दुसरा थांबा ब्रह्मदेशाचा. ईस्ट बेमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आपल्या पूर्वेकडच्या बाजूला, ब्रह्मी हॉटेलं बरीच आहेत. तिथला शान टोफू सोयाचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा असतो. पीठ हळद घालून शिजवायचं, थापायचं, गार करून वड्या पाडायच्या. होय, पिठल्याच्या वड्याच. मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर घ्या, पण सुकट आणि फिश सॉस काढायला सांगून.

७. लंगर आणि डबे

फ्रीमाँटच्या गुरुद्वाऱ्यात लंगर सगळ्यांना खुला आहे. ज्या रस्त्यावर तो आहे त्याचं नावच गुरुद्वारा रोड. डोकं झाका, रुमाल तिथं मिळतात, चपला बाहेर, जमिनीवर पंगतीत बसा, हवं तेवढंच घ्या, कारण टाकणं वाईट दिसतं. हे "फुकटचं जेवण" म्हणून या यादीत टाकायला मला जड जातं. नोकरी नसलेल्या विद्यार्थ्यानं निःसंकोच जावं. बाकीच्यांनी जेवून झाल्यावर ताटं घासायला तासभर उभं राहावं, तिथं हातांची गरज नेहमीच असते.

मराठी जेवण हॉटेलात फारसं सापडत नाही, ते घराघरांतून येतं. पुरणपोळी, थालीपीठ, आठवड्याचा डबा, सगळं व्हॉट्सअॅप गटांवर चालतं. कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरातून जेवण विकायला परवाना देणारा कायदा २०१८ साली झाला आणि तो लागू करायचा का हे प्रत्येक काउंटी ठरवते. तेव्हा डबा लावताना "परवाना आहे का?" हे विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. परवाना असलेल्या काकू उलट अभिमानानं दाखवतात.

८. निघण्यापूर्वी

वेळ बघा. छोटी चिनी हॉटेलं दुपारी अडीच-तीनला बंद होऊन पाचला उघडतात, आणि आठवड्यातला एखादा वार, बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवार, पूर्ण सुट्टी. काही ठिकाणी फक्त रोख चालते, वीस-चाळीस डॉलर खिशात असू द्या. जेवण पोचवणाऱ्या अॅपवरचे दर हॉटेलातल्या दरांपेक्षा बहुतेक वेळा चढे असतात. फोन करून स्वतः उचलून आणा.

पहिल्या शनिवारसाठी चौघांचा बेत देतो. लिटल काबूलमध्ये बटाट्याची बोलानी एक, बोरानी कद्दू एक, कोंबडीच्या कबाबाचं ताट एक, काबुली पुलाव एक. कर आणि टिप धरून साधारण ऐंशी डॉलरच्या आसपास, म्हणजे माणशी वीस. भात उरणार, डबा मागून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी द्यायची असेल तर मोहरी-हिंग नको, मनुकांशी जमत नाही. जिरं आणि एक सुकी मिरची, बस.